बुलेटचे भाऊबंद परत आले!

दोस्तांनो, वाशिमच्या पुसद नाक्यावर नाहीतर कारंज्याच्या बाजारात कधीतरी क्षणभर डोळे मिटून उभे राहा. (रस्त्याच्या कडेला हं, मधोमध नाही!) मोपेड, ऑटो, ट्रॅक्टर, एसटी... सगळ्यांचा नुसता गलका. तेवढ्यात लांबून 'धड् धड् धड्' असा आवाज येतो, आणि न पाहताच तुम्ही सांगता, "बुलेट!"

आता सांगा पाहू, ही बुलेट कुठली? तुम्ही म्हणाल, चेन्नईची. बरोबर. पण जन्मानं ती इंग्रज आहे. इंग्लंडमधल्या रेडिच गावात रॉयल एनफिल्ड कंपनीनं १९०१ साली पहिली मोटारसायकल बनवली आणि 'बुलेट' हे नाव १९३२ साली आलं. पुढं आपल्या सैन्याला सीमेवर गस्त घालायला दणकट गाड्या हव्या होत्या. त्यातूनच १९५५ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, 'एनफिल्ड इंडिया' सुरू झाली. आधी सुटे भाग इंग्लंडहून यायचे, मग ते इथंच तयार होऊ लागले. गंमत पुढंच आहे. १९७० च्या सुमाराला इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, आणि मद्रासचे कामगार मात्र बुलेट बनवतच राहिले. १९७७ पासून तर या बुलेट इंग्लंडला विकायला जाऊ लागल्या!

पण बुलेट काही एकटी नव्हती. तिच्या पिढीत ट्रायम्फ, बीएसए आणि नॉर्टन असे तिचे नामांकित भाऊबंद होते. ते सगळे अडगळीत गेले होते. आता ते परत आलेत, आणि त्यांना परत आणण्यात आपल्या देशाचा मोठा हात आहे. त्यातला एक तर चक्क आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या चाकणला तयार होतो.

आधी त्यांची जुनी ऐट ऐका. बीएसए म्हणजे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'. ही १८६१ साली निघालेली बंदुकांची कंपनी! तिच्या चिन्हात तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असत. बंदुकांवरून कंपनी सायकलींकडे वळली आणि सायकलींवरून मोटारसायकलींकडे. दुसऱ्या महायुद्धात तिनं सैन्याला 'एम २०' जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या दिल्या. तिची सगळ्यांत गाजलेली गाडी 'गोल्ड स्टार'. हे नाव कसं पडलं माहीत आहे? ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर तासाला १०० मैलांहून (म्हणजे सुमारे १६० किलोमीटरहून) जास्त वेगानं फेरी मारणाऱ्याला सोन्याच्या ताऱ्याची छोटी पिन मिळायची. १९३७ साली वॉल हँडली नावाच्या शर्यतपटूनं बीएसएवर ती मिळवली, आणि पुढच्याच वर्षी कंपनीनं गाडीचं नावच गोल्ड स्टार ठेवलं.

ट्रायम्फ काढली ती सीगफ्रीड बेटमन या जर्मनीहून आलेल्या माणसानं. तिची पहिली मोटारसायकल १९०२ सालची. आणि नॉर्टन? आयल ऑफ मॅन बेटावरची जगप्रसिद्ध शर्यत १९०७ साली पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी दोन सिलिंडरच्या गटात नॉर्टन पहिली आली.

मग एवढ्या नावाजलेल्या कंपन्या बुडाल्या कशा? 'जपान्यांनी बुडवल्या' असं उत्तर पटकन दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. १९६९ साली होंडाची 'सीबी ७५०' आली. चार सिलिंडर, पुढं डिस्क ब्रेक आणि बटण दाबलं की सुरू! इंग्रज गाड्या मात्र अजून किक मागत होत्या. शिवाय इंजिनातून तेल गळायचं ते वेगळंच. गाडी रात्रभर उभी केली की सकाळी खाली काळा डाग. आमच्या गाड्या गाजलेल्या आहेत, लोक घेणारच, या भरवशावर मालक मंडळींनी नवी यंत्रं घ्यायला फार उशीर केला.

१९७३ साली बीएसए कोलमडली. ट्रायम्फ तिच्याच मालकीची होती, तिचा मेरिडेनचा कारखानाही बंद करायचं ठरलं. तिथल्या कामगारांनी काय करावं? ते कारखान्याच्या फाटकाशी ठाण मांडून बसले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दीड वर्ष! शेवटी १९७५ साली त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढून कारखाना चालवायला घेतला. आपल्याकडच्या सहकारी सूतगिरणीसारखंच म्हणा ना. आठ वर्षं त्यांनी तो ओढला. १९८३ साली मात्र तोही थांबला.

तेव्हा जॉन ब्लूर या घरं बांधणाऱ्या व्यावसायिकानं ट्रायम्फचं नाव विकत घेतलं. लोकांना वाटलं, जुनीच गाडी रंगवून विकणार. पण ब्लूरनं घाई केली नाही. त्याची माणसं जपानचे कारखाने पाहून आली, हिंकले गावात नवा कारखाना उभा राहिला आणि १९९० नंतरच नव्या गाड्या बाहेर पडल्या. सात वर्षं नुसती तयारी!

याच ट्रायम्फनं २०२० च्या जानेवारीत आपल्या बजाज ऑटोशी करार केला. चेतक स्कूटरवाली बजाज, आईबाबांना विचारा! २०२३ च्या जुलैमध्ये चाकणला बनलेली 'स्पीड ४००' भारतात आली, तेव्हा तिची किंमत होती २ लाख ३३ हजार रुपये. इंजीन ३९८ सीसीचं आणि ताकद ४० अश्वशक्तीच्या जवळ. आराखडा इंग्लंडचा, घडण चाकणची. तिथून ती परदेशातही जाते.

आता एक कोडं. या गाडीच्या इंजिनावर पत्र्याच्या पापडांसारख्या आडव्या कडा दिसतात. त्यांना फिन्स म्हणतात. जुनी इंजिनं वाऱ्यानं थंड व्हायची. कडांमुळं धातूचा जास्त पृष्ठभाग वाऱ्याला लागतो आणि उष्णता लवकर निघून जाते. पण स्पीड ४०० च्या इंजिनात पाण्यासारखं द्रव फिरतं आणि पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होतं. मग या कडांची गरज काय? खरं म्हणजे फारशी नाहीच! गाडी जुन्या घराण्यातली दिसावी म्हणून त्या ठेवल्यात. ट्रायम्फच्या 'बॉनव्हिल' गाडीत तर आणखी मजा होती. पेट्रोल नव्या पद्धतीनं इंजेक्शननं सोडलं जायचं, पण त्या भागाला आकार दिला होता जुन्या कार्बोरेटरचा. म्हणजे नातवानं आजोबांचा फेटा घातल्यासारखं!

ही फसवणूक आहे का हो? गाडी चालताना दगा देत नसेल तर मला तरी नाही वाटत. पण फेट्याच्या आत डोकं हवं, एवढं मात्र खरं.

बीएसएचं नाव २०१६ साली महिंद्रा समूहाच्या 'क्लासिक लेजंड्स' कंपनीनं घेतलं. नवी गोल्ड स्टार २०२१ च्या डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅमलाच दाखवली गेली. ६५२ सीसीचं इंजीन, आणि सिलिंडर मात्र एकच, जुन्या गोल्ड स्टारसारखा. ती बनते मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला. आधी ती इंग्रजांना विकली गेली आणि मग १५ ऑगस्ट २०२४ ला आपल्याकडे आली. तारीख कशी निवडली बघा!

नॉर्टनची कथा जरा सावध करणारी आहे. तिचं नाव पुन्हा पुन्हा विकलं गेलं, मोठमोठ्या घोषणा झाल्या आणि २०२० च्या जानेवारीत कंपनी परत दिवाळ्यात गेली. त्याच एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या टीव्हीएसनं ती १ कोटी ६० लाख पौंडांना घेतली आणि इंग्लंडमध्येच सोलिहल इथं नवा कारखाना उभा केला.

आपल्या बुलेटवरही वाईट दिवस आले होते बरं का. २००० सालाच्या आसपास महिन्याला जेमतेम २००० गाड्या खपत होत्या आणि कारखाना विकावा की काय, अशी चर्चा होती. मग इंजीन नवं केलं, तेल गळणं थांबवलं, बटण स्टार्ट आणला. २०२४-२५ या वर्षात रॉयल एनफिल्डनं १० लाखांहून जास्त गाड्या विकल्या.

घरी आजोबांनी किंवा शेजारच्या काकांनी जुनी बुलेट चालवली असेल तर एक विचारा : गिअर कोणत्या पायाला होता? ते म्हणतील, उजव्या. आणि ब्रेक डाव्या! इंग्रजी गाड्यांची ती जुनी रीत आपल्याकडे कितीतरी वर्षं टिकली. शिवाय हेडलाइटवरच्या छोट्या मीटरचा काटा मधोमध आला की मगच किक कशी मारायची, हेही ते हात-पाय हलवून दाखवतील. चुकली तर किक उलटी बसायची आणि पोटरी सुजायची!

आणि हो, यातली कुठलीही गाडी घेतली तरी आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ती नेता येणार नाही. तिथं दुचाकींना बंदी आहे. तिला आपला जुना अकोला-वाशिम-हिंगोली रस्ताच बरा. तोही अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, लायसन्स आणि हेल्मेट घेऊन!