दिवसभर गप्पा, मग काम केव्हा?

रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले हे दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. जोग नदीची खाडी, माडपोफळींच्या वाड्या, कड्यावरचा गणपती आणि कासवांची पिल्ले पाण्याकडे झेपावतात ती पुळण, ही त्याची ओळख. समजा, या गावातील एका घराच्या पडवीत एक ताई संगणक मांडीवर घेऊन बसली आहे. ती पुण्याजवळच्या हिंजवडी येथील एका कंपनीत संगणक अभियंता आहे आणि सध्या घरूनच काम करते. शेजारी आजी सुपाऱ्या सोलत आहे. दोन तास ऐकून झाल्यावर आजी विचारते, “अगो, सकाळपासून नुसती बोलत्येस! कधी चहा, कधी पाऊस, कधी कुणाची तरी चूक. मग काम करत्येस केव्हा?”

आजीचा प्रश्न थट्टेचा वाटला तरी त्याचे उत्तर शोधण्यासारखे आहे. संगणकावर काम करणारी माणसे इतके बोलतात तरी काय? आणि त्या बोलण्याचा कामाशी संबंध कोणता?

नेहमीची काही वाक्ये

अशा कचेरीत सकाळी बहुधा एक छोटी बैठक होते. तिला ‘स्टँडअप’ म्हणतात, कारण ती उभ्याउभ्याच, पंधरा मिनिटांत उरकावी असा संकेत आहे. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या : काल काय केले, आज काय करणार आणि कोठे अडले आहे. यानंतर दिवसभर जे शब्द कानांवर पडतात, त्यांत सर्वांत जास्त वेळा येतो तो ‘बग’.

बग म्हणजे किडा. पण येथे त्याचा अर्थ आज्ञावलीतील, म्हणजे प्रोग्रॅममधील, चूक. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क 2’ या संगणकाच्या एका विद्युत्‌कळीत खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी अशी नोंद केली, की प्रत्यक्ष किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रज्ञ याच गटात होत्या आणि त्यांनी ही गोष्ट पुढे जगभर सांगितली. मात्र शब्द त्या दिवशी जन्मला नाही. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीत एडिसनच्या काळीही होती. म्हणून तर त्या नोंदीत विनोद आहे!

दुसरे नेहमीचे वाक्य : “बंद करून पुन्हा चालू करून पाहिलेस का?” हा सल्ला आळशीपणाचा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. चालू असताना संगणक आपल्या तात्पुरत्या स्मृतीत असंख्य नोंदी करत असतो. बराच वेळ गेला, की त्यांतील काही नोंदी जुन्या किंवा परस्परविरोधी होऊन बसतात. वीज बंद केली, की ही स्मृती कोरी होते आणि काम पहिल्या पायरीपासून सुरू होते. फळा पुसून गणित नव्याने मांडावे तसाच हा प्रकार. गणित सुटते, पण आधी चुकले कोठे ते मात्र पुसले जाते.

तिसरे वाक्य प्रसिद्धच आहे : “माझ्या संगणकावर तर चालते!” ते खरे कसे असू शकते, हे एका कल्पित प्रसंगावरून पाहू.

तेरा तारखेची तक्रार

जून महिना आहे. चहाच्या टेबलाशी दोघे बोलत आहेत.

“ग्राहकाच्या पावत्या कालपासून अडल्यात. 12 तारखेपर्यंत सगळे ठीक होते.”

“माझ्या संगणकावर तर चालतेय.”

पलीकडे बिस्किट बुडवत उभा असलेला तिसरा म्हणतो, “बारापर्यंत चालते आणि तेराला अडते? अरे, वर्षात महिने किती?”

क्षणभर शांतता आणि मग हशा! चूक सापडली. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. 3 जून आपण 03/06 असा लिहिला, तर अमेरिकन पद्धतीने मांडलेला संगणक तो 6 मार्च असा वाचतो. 12 जूनपर्यंत त्याला काहीच वावगे दिसत नाही. 13/06 आले, की तो तेरावा महिना शोधतो आणि अडतो. तक्रार करणाऱ्याच्या संगणकाची मांडणी अमेरिकन होती, दुसऱ्याची भारतीय. म्हणून एकाकडे चालले आणि दुसऱ्याकडे अडले.

आता अधिक गंभीर गोष्ट पाहा. 12 तारखेपर्यंत सगळे ‘ठीक’ नव्हतेच. 1 ते 12 जून या बारा दिवसांपैकी केवळ एकाच दिवसाची तारीख बरोबर नोंदली गेली. कोणत्या, ते तुम्हीच शोधा. उरलेल्या अकरा दिवसांच्या पावत्यांवर चुकीचे महिने पडले आणि संगणक गप्प राहिला. ओरडणाऱ्या चुकीपेक्षा गप्प बसणारी चूक अधिक घातक असते. पावत्यांऐवजी तेथे रुग्णांच्या औषधांच्या तारखा असत्या तर?

बोलल्याने चूक का सापडते?

स्वतः लिहिलेला निबंध तपासताना चुका दिसत नाहीत, हा अनुभव तुम्हाला असेलच. डोळे कागदावर असतात. पण मन आपल्याला जे लिहायचे होते तेच वाचते. आज्ञावली मोठ्याने समजावून सांगू लागलो, की एकेक पायरी क्रमाने सांगावी लागते. मधली गाळता येत नाही. मग चूक आपल्याच तोंडून बाहेर पडते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड टॉमस यांच्या 1999 सालच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात टेबलावरच्या रबरी बदकाला आज्ञावली समजावून सांगण्याची युक्ती आली आहे. आंजर्ल्यात बदकाऐवजी नारळ ठेवला तरी चालेल. ऐकणाऱ्याला काही कळलेच पाहिजे असे नाही.

ऐकणारा जाणकार असेल, तर दुसरा लाभ होतो. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. तो 1996 साली पुस्तकरूपाने आला. या तंत्रज्ञांजवळ जाड पुस्तिका होत्या. पण अवघड बिघाड सुटत ते जेवताना सांगितलेल्या हकिगतींच्या आधारे. पुस्तिका लिहिणाऱ्याला जे सुचले नव्हते, ते त्या हकिगतींत होते. मोठ्या आज्ञावलीचेही तसेच आहे. ती अनेकांनी अनेक वर्षे लिहिलेली असते. तिचे पूर्ण ज्ञान एकाही डोक्यात नसते. ते अनेक डोक्यांत विखुरलेले असते आणि गप्पांतून जोडले जाते.

तीस मीटर की दोनशे किलोमीटर?

वरच्या प्रसंगातील तिसऱ्या माणसाला कोणीही बोलावले नव्हते. तो कदाचित त्या गटातलाही नसेल. तो केवळ जवळ उभा होता. ताई आंजर्ल्याला असल्यावर असा ‘जवळ उभा असलेला’ माणूस कोठून आणायचा?

जवळ असण्याचे हे महत्त्व मोजले गेले आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील टॉमस ॲलन यांनी प्रयोगशाळांतील अभियंत्यांच्या टेबलांमधील अंतर आणि त्यांच्यातील संभाषण यांचा ताळा पाहिला. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात याचा आलेख आहे. टेबले तीस मीटरांपेक्षा दूर गेली, की बोलण्याची शक्यता अगदी कमी उरते. मग आंजर्ले ते हिंजवडी या रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटरांचे काय?

2020 साली करोनाच्या साथीमुळे कचेऱ्या बंद झाल्या आणि जगभर हा प्रयोग आपोआप घडला. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील 61,182 कर्मचाऱ्यांच्या संपर्कांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. पत्रे व संदेश वाढले, समोरासमोरच्यासारखे बोलणे घटले आणि दुसऱ्या गटांतील लोकांबरोबर जाणारा सहकार्याचा वेळ सुमारे पाव हिश्शाने कमी झाला. म्हणजे काम थांबले नाही. पण बिस्किट बुडवणारा तिसरा माणूस दुर्मीळ झाला.

सेकंदाचा पाचवा भाग

दूर राहून बोलण्यात आणखी एक अडचण आहे. आपण गप्पा मारतो तेव्हा एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? 2009 साली दहा भाषांचा अभ्यास झाला. सरासरी आली सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एक साधा शब्द उच्चारण्याची तयारी करायला मेंदूला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. तेव्हा समोरचा थांबण्यापूर्वीच आपण उत्तराची तयारी करत असतो!

आता ताईचे बोलणे न्यूयॉर्कच्या ग्राहकापर्यंत जायचे आहे. सरळ अंतर धरले, तर सुमारे 12,500 किलोमीटर. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. भागाकार करा : जायला 62 मिलिसेकंद, जाऊन यायला 125. केबल सरळ जात नाहीत आणि वाटेतील यंत्रेही थोडा थोडा वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्ष विलंब अधिक असतो. तो 200 मिलिसेकंदांच्या घरात गेला, की नैसर्गिक विरामाचा हिशेब बिघडतो. समोरचा गप्प आहे असे समजून दोघेही एकदम बोलू लागतात आणि मग “तुम्ही बोला”, “नाही, तुम्हीच बोला” सुरू होते. यात कोणी उद्धट नसतो. दोष अंतराचा असतो.

घड्याळाचा प्रश्न निराळाच. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9 वाजतात, तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. तुळशीपुढे दिवा लागतो, त्या वेळी ताईची मुख्य बैठक सुरू होते.

आजीला उत्तर

हा सारा खटाटोप कशासाठी? कोकणातील घराघरांतून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला गेली. ‘चाकरमानी’ हा शब्दच त्यातून रुळला. गणपतीला यायचे, आठवड्याने परतायचे. घरूनही करता येईल असे काम मिळाले, तर काही दारे वर्षभर उघडी राहतील. मात्र त्यासाठी वीज आणि संपर्क यांचा भरवसा हवा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली आणि मंडणगड भागांत अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती.

तार आणि वीज मिळाली, तरी अर्धेच काम होते. गप्पांची सोयही मुद्दाम करावी लागते. बोलून दुसऱ्यासाठी एक श्वास थांबणे, अडचण एकट्याला न कळवता सर्वांना दिसेल अशी लिहिणे, महिन्यातून एखादी खेप पुण्याला करणे आणि दिवसातली दहा मिनिटे विनाकारण बोलण्यासाठी राखणे, हे उपाय साधे आहेत. कचेरीत जे फुकट मिळते, ते दूर राहणाऱ्याला पेरावे लागते.

तेव्हा आजी, ताई बोलते आहे ना? मग ती कामच करते आहे. निदान बराचसा वेळ तरी!

करून पाहा

मित्राबरोबर समोरासमोर बसून आळीपाळीने 1 ते 20 अंक भराभर म्हणा. एक म्हणणाऱ्याने, वीस ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजावा. मग वेगवेगळ्या घरांतून मोबाईलच्या व्हिडिओ कॉलवर तेच करा. प्रत्येक अंक एकदा पलीकडे पोचतो, म्हणून दोन वेळांतील फरकाला 20 ने भागा. समोरासमोर 10 सेकंद आणि कॉलवर 14 सेकंद लागले, तर एका खेपेचा विलंब 4 ÷ 20, म्हणजे 0.2 सेकंद. तुमच्या गावाचा आकडा किती येतो? पाच वेळा मोजून सरासरी काढा आणि वर्गात त्यावर गप्पा मारा.