वहाण, जोडा आणि राजकीय मत

जॉर्ज ऑर्वेलच्या 'द रोड टु विगन पिअर' (१९३७) या पुस्तकाची सुरुवात पायताणाच्या आवाजाने होते. सकाळी कापडगिरणीकडे निघालेल्या मुलींच्या लाकडी तळाच्या जोड्यांचा फरसबंद रस्त्यावर उठणारा खडखडाट निवेदकाच्या कानी पडतो. पुस्तकाच्या उत्तरार्धात पायताण पुन्हा येते, पण ते निराळ्या पायांत. सामान्य इंग्रज माणूस समाजवादाकडे का वळत नाही याची कारणे शोधता शोधता ऑर्वेल समाजवाद्यांच्या दिसण्यापाशी आणि खाण्यापिण्यापाशी येऊन ठेपतो. उघड्या वहाणा घालणारे, फळांच्या रसावर राहणारे, मांसाहार वर्ज्य करणारे, निसर्गोपचाराच्या नादी लागलेले असे सारे लोक याच पक्षाभोवती का गोळा होतात, ही त्याची तक्रार आहे. याच ओघात त्याने बसमधला एक प्रसंग सांगितला आहे. लेचवर्थ गावी आखूड विजारी घातलेले साठीचे दोन गृहस्थ बसमध्ये चढतात. शेजारी बसलेला, फिरता विक्रेता वाटावा असा प्रवासी त्यांच्याकडे पाहून एकच शब्द पुटपुटतो: सोशॅलिस्ट. त्या दोघांनी अद्याप राजकारणाविषयी चकार शब्द काढलेला नसतो. त्यांचे मत त्यांच्या गुडघ्यांवरून ठरलेले असते.

प्रवाशाचा तर्क बहुधा बरोबरच होता, असे ऑर्वेल लगेच नमूद करतो, कारण त्या वेळी लेचवर्थला स्वतंत्र मजूर पक्षाचे उन्हाळी अभ्यासशिबिर चालू होते. ही कबुली महत्त्वाची आहे. राजकीय साचेबंद प्रतिमा खोटीच असते असे नव्हे; पुष्कळदा ती खरी ठरते आणि म्हणूनच टिकते. तिचा दोष अन्यत्र आहे. ती वस्तूवरून थेट मतावर उडी घेते आणि मधले दोन प्रश्न गाळते. ती वस्तू निवडण्याची मोकळीक कोणाला होती, हा पहिला. आणि ती वस्तू बनविली कोणी, हा दुसरा. वहाणेच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची वाट भारतातून जाते. ऑर्वेल ज्या वहाणेला हसला तिचे मूळच मुळी काश्मिरात होते.

इंग्रज समाजवाद्यांत वहाणेचा प्रघात पाडला तो एडवर्ड कार्पेंटर (१८४४–१९२९) याने. केंब्रिजमधील मानाचे स्थान सोडून तो शेफील्डजवळच्या मिलथॉर्प या खेड्यात भाजीपाला पिकवीत राहिला होता. १८८० च्या दशकात त्याचा मित्र हॅरल्ड कॉक्स अलीगढच्या महाविद्यालयात अध्यापनासाठी आला आणि त्याने काश्मीरहून वहाणांचा एक जोड कार्पेंटरला पाठविला. कार्पेंटरने तो नमुना समोर ठेवून स्वतः वहाणा शिवायला आरंभ केला, मित्रांना पुरविल्या, मागणी येऊ लागली तेव्हा विकल्याही. बंद बूट म्हणजे पायांना जिवंतपणी दिलेली शवपेटी, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. पायाला मोकळी हवा मिळणे आणि माणसाला वर्गबंधनातून मोकळीक मिळणे या त्याच्या लेखी एकाच क्रियेच्या दोन बाजू होत्या. पुढे मिलथॉर्पला वहाणा करणारा त्याचा सहकारी जॉर्ज अॅडम्स नव्याने वसविलेल्या उद्याननगरीत जाऊन राहिला आणि तेथे त्याने तोच व्यवसाय चालविला. ही उद्याननगरी म्हणजे लेचवर्थ. ऑर्वेलच्या बसने ज्या गावी ते दोन गृहस्थ घेतले, त्या गावाच्या पायांत काश्मिरी वहाणेची इंग्रजी प्रतिकृती अशा रीतीने आधीच जाऊन बसली होती. स्वतः ऑर्वेलचा जन्म बिहारमधील मोतीहारीचा (१९०३), हा योगायोग येथे केवळ जाता जाता.

विगनच्या कामगाराला मात्र या वहाणेचे अप्रूप वाटण्याचे कारण नव्हते. उत्तर इंग्लंडच्या औद्योगिक गावांत अनवाणी पोर हे दैन्याचे चिन्ह होते. लाकडी तळाचा जोडा ही गरज होती आणि रविवारी घालावयाचा चामडी बूट ही प्रतिष्ठा. ज्याच्या घरात बूट नुकताच आला आहे त्याला बूट टाकून देणाऱ्या सुशिक्षिताचा त्याग कळत नाही, थोडासा अपमानास्पदही वाटतो. ऑर्वेलचा उपहास या जागी रास्त आहे. परंतु पुस्तकाच्या आरंभीचा तो खडखडाट आणि उत्तरार्धातील उघड्या वहाणा यांना त्याने समोरासमोर आणून बसविलेले नाही. वाचकाने ते केले की त्या उपहासाखालचे दुःख दिसू लागते.

कार्पेंटरचा धागा गांधीजींपर्यंत येतो. 'हिंद स्वराज' (१९०९) च्या परिशिष्टात वाचनासाठी सुचविलेल्या ग्रंथांत कार्पेंटरच्या सुधारणेवरील पुस्तकाचा समावेश आहे. वहाणा शिवण्याची विद्या मात्र गांधीजींकडे दुसऱ्या वाटेने आली. त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख हे नाताळमधील मरियानहिल येथील ट्रॅपिस्ट मठात जाऊन ती शिकून आले आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर त्यांच्याकडून गांधीजी व इतर आश्रमवासी शिकले. जन्माने वाणी असलेल्या माणसाने चामड्याला सुई लावणे ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेत कदाचित श्रमप्रतिष्ठेचा धडा म्हणून खपून गेली असेल. काठियावाडात ती जातिबहिष्काराला पुरेशी होती. तुरुंगात शिवलेला एक जोड गांधीजींनी १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तरीनिमित्त परत पाठविला. इतक्या थोर पुरुषाच्या वहाणेत पाय घालण्याची आपली योग्यता नाही, अशी भावना त्यांनी त्या प्रसंगी लिहून ठेवली. एकाच वस्तूने प्रतिपक्षाला चालविले आणि नमविलेही, असे उदाहरण राजकारणाच्या इतिहासात विरळा.

येथवर वहाण हे स्वेच्छेचे चिन्ह राहिले. भारतीय खेड्याच्या वेशीपाशी आल्यावर तिचा अर्थ पालटतो. भारतीय संस्कृतीत पायताणाला दोन टोकांची स्थाने आहेत. भरताने सिंहासनावर ठेविल्या त्या पादुका; आळंदीहून पालखीत बसून पंढरीला जातात त्याही पादुका. उलटपक्षी, पायातली वहाण पायातच बरी ही म्हण माणसाला त्याची पायरी दाखवून देण्यासाठीच वापरली जाते. पादुका पूज्य, वहाण हीन आणि वहाण करणारा अस्पृश्य, अशी ही उतरंड. महाराष्ट्रात तर मेलेले जनावर ओढणारा महार, कातडे कमावणारा ढोर आणि जोडा शिवणारा चांभार अशी कामाची वाटणीच जातीने करून ठेवलेली होती. त्या जोड्याचा उपभोग घेणारे पाय बहुधा चौथ्याच कोणाचे असत.

तो उपभोग नाकारण्याचे नियमही होते, आणि ते केवळ रूढीचे नव्हते, उच्चारलेले होते. तमिळ प्रदेशातील रामनाड जिल्ह्यात डिसेंबर १९३० मध्ये कळ्ळर जातीच्या लोकांनी आदिद्रविडांवर लादलेली आठ बंधने जे. एच. हटन याने 'कास्ट इन इंडिया' या ग्रंथात नोंदविली आहेत. सोन्याचांदीचे दागिने नकोत. धोतर गुडघ्याखाली नको. अंगात सदरा अथवा कोट नको. घरात मातीखेरीज भांडे नको. आणि आठवे असे की उन्हापावसात छत्री नको व पायांत वहाण नको. इंदूरकडच्या गावांत बलाई जातीच्या लोकांना बजावलेली अशीच यादी डॉ. आंबेडकरांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये १९२८ च्या एका वृत्ताच्या आधारे दिली आहे. तिच्यात जरीकाठी पागोटे आणि रंगीत काठाचे धोतर निषिद्ध आहे. त्याच ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकीकत येते. तेथे अस्पृश्यांनी आपल्याच पंगतीत तूप वाढले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. तूप त्यांचे, पैसा त्यांचा, पाहुणेही त्यांचेच. तरीही तूप खाणे हे राजकीय कृत्य ठरले, कारण गावाच्या साच्यात अस्पृश्याच्या पानावर तूप नव्हते. उपभोग्य वस्तू आणि राजकीय प्रतिमा यांच्या संबंधाचा विचार पश्चिमेत व्हेब्लेनपासून बोर्दिअूपर्यंत झाला तो मुख्यतः वरच्यांच्या ऐटीचा आणि अभिरुचीच्या पायऱ्यांचा. खरेदी करण्याची ऐपत असूनही वापरण्यास बंदी असलेला माणूस त्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नाही.

या पार्श्वभूमीवर आंबेडकरांचा वेष पाहिला पाहिजे. ऑर्वेल ज्या पक्षाच्या शिबिराविषयी लिहीत होता त्याच नावाचा स्वतंत्र मजूर पक्ष आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापन केला. पण या पक्षाच्या नेत्याच्या पायांत बंद जोडे होते, अंगात सूट होता. गांधीयुगाने रूढ केलेल्या संकेतानुसार हा वेष 'साहेबी' ठरतो आणि तसा तो ठरविलाही गेला. संकेत वापरणाऱ्यांना एवढेच सुचले नाही की कार्पेंटरने बूट काढला, गांधीजींनी सूट उतरविला आणि नौखालीत १९४७ च्या जानेवारीत तर वहाणाही काढून ठेविल्या, या सर्वांपाशी काढून ठेवण्याजोगे काही होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे वरिष्ठ वर्गातील बायकांप्रमाणे नेसण्याचा आणि जात ओळखू येईल असे जड दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. अस्पृश्यतेचा गणवेश उतरविण्याची ती सूचना होती. तिला अनुकरण म्हणून निकालात काढणे ही समीक्षेतील आळशी सवय आहे.

चामड्याभोवती त्याच काळात दोन परस्परविरुद्ध प्रवाह वाहत होते, आणि मराठी मुलखात ते जवळजवळ एकमेकांच्या दृष्टिपथात होते. मेलेली जनावरे ओढण्याचे व त्यांचे मांस खाण्याचे सोडा, असे आंबेडकर महारांना सांगत होते. तर अप्पासाहेब पटवर्धनांसारखा चित्पावन ब्राह्मण मृत जनावराचे कातडे सोलण्याचे काम हाती घेत होता. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्याला कार्यक्रमाचे स्थान मिळाले. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चालविलेल्या चर्मालयात केवळ मृत जनावरांच्या कातड्याच्या वहाणा होत. त्या घालणे म्हणजे अहिंसेचे व्रत पाळणे असे खादीधारी मंडळी मानीत. दोन्ही प्रवाहांत प्रामाणिकपणा होता. अप्पासाहेबांच्या धैर्याविषयी तर शंकाच नको. पण एकाच कातड्याला हात लावल्याने ब्राह्मणाची कीर्ती वाढते आणि हात न लावल्याने महाराची माणुसकी सुरू होते, हा फरक दिसण्यावरून ओळखता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर मराठी जीवनात याच वस्तूंचा एक नवा साचा तयार झाला: खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी, वाढलेली दाढी आणि पायांत झिजलेली चप्पल. हा माणूस समाजवादी असणार, किंवा कवी, किंवा दोन्ही, असे धरून चालण्याची पद्धत पडली. विनोदी लेखनाने आणि व्यंगचित्रांनी तो पुरेपूर वापरला. झीज हा या वेषाचा प्राण होता, आणि झीज कधी खरी असते, कधी मुद्दाम राखलेली. हिंदीत या प्रश्नाला हरिशंकर परसाई यांनी 'प्रेमचंद के फटे जूते' या व्यंग्यनिबंधात हात घातला आहे. पत्नीसमवेत काढलेल्या छायाचित्रात प्रेमचंदांचा जोडा फाटलेला आहे आणि त्यातून बोट बाहेर आले आहे. छायाचित्रासाठी लोक जोडे उसने आणतात, मग या माणसाने का आणले नाहीत, येथून परसाई निघतात आणि जोडा कशावर ठोकर मारून फाटला असावा या प्रश्नापर्यंत पोचतात. बोट दिसते पण तळवा शाबूत आहे, आणि आपले मात्र नेमके उलटे, हा त्यांचा टोला लेखकवर्गाला लागलेला आहे. फाटका जोडा पाहून 'गरीब' किंवा 'साधा' असा शिक्का मारून ते थांबत नाहीत. साच्याशी झुंजण्याचा हा एक भारतीय वाङ्मयीन मार्ग होय.

ऑर्वेलनेही अखेरीस आपला साचा थोडा सैल केला. गांधीजींवरील १९४९ च्या निबंधात हातकताई, आत्मबल, शाकाहार या गोष्टी आपल्याला आकर्षक वाटल्या नाहीत, हे तो मोकळेपणाने सांगतो. आणि तेवढे सांगून झाल्यावर त्या वेषापलीकडचा माणूस पाहू लागतो. त्याला तेथवर पोचायला बारा वर्षे लागली.

भारतीय मध्यमवर्गाला बहुधा अधिक लागतील. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांच्या सन्मानार्थ राष्ट्रपतिभवनात झालेल्या समारंभाला दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल उघड्या सँडल घालून गेले, तेव्हा विशाखापट्टणच्या एका व्यावसायिकाने त्यांना बूट घेण्यासाठी ३६४ रुपये पाठवून दिले. देणगीदाराला त्या पायांत बेअदबी दिसली, समर्थकांना साधेपणा. दोघांनीही वाचले ते पायच.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट असे आठ जिल्हे त्यात मोडतात. म्हणजे ज्या सीमेवर दोन राज्यांनी अनेक दशके भांडण केले ती सीमा या चपलेने केव्हाच ओलांडली होती. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच वहाण मूळचा उल्लेख न करता मांडली आणि येथे संताप उसळला. कंपनीला भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. जुलैमध्ये तिचे लोक कोल्हापुरात आले. त्यांना दाखविण्यात आले ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे: बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरविलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, आणि पट्ट्यावरची ती बारीक वेणी, जी चर्मकाराच्या घरात पुष्कळदा बायकाच घालतात.