टपावरच्या उन्हाचा सहा वर्षांचा हिशेब

लोडशेडिंगच्या काळात वर्ध्यात राहिलेल्या माणसाला बॅटरीची ओळख करून द्यावी लागत नाही. जिन्याखाली इन्व्हर्टर, शेजारी ट्यूब्युलर बॅटरी, अधूनमधून तिच्यात डिस्टिल्ड वॉटर. २०१९ मध्ये मी एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची फिरती खोली केली, तेव्हा याच सवयीनं ठरवलं: खाली १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, टपावर २०० वॅटचं पॅनेल. बॅटरी मोठी असली की निभतं, हा घरचा अनुभव होता. पण घरची बॅटरी लाईट आली की भरते. रानात उभ्या गाडीला ऊन सोडलं तर भरणारं कुणी नाही.

हे कळलं पहिल्याच ऑगस्टमध्ये, बोर धरणाजवळ हिंगणीला एका शेतात मुक्काम होता तेव्हा. तीन दिवस झड लागलेली. तिसऱ्या पहाटे इन्व्हर्टरची टी-टी ऐकून उठलो. मीटरवर ११.८ व्होल्ट. फ्रीज कधीचा बंद पडलेला, आतलं दूध नासलेलं. तिथं बसून पहिल्यांदा वहीत आकडे मांडले. २८ वॅटचा पंखा रात्रीचे दहा तास म्हणजे २८० वॅट-अवर, बारा व्होल्टचा फ्रीज दिवसभरात साधारण ५४०, लॅपटॉप १८०, दिवे, पंप, फोन मिळून शंभर. रोजचं १,१०० झालं, म्हणजे एक युनिटाहून थोडं जास्त. आणि २०० वॅटचं पॅनेल? चांगल्या दिवशी साडेचार तास पूर्ण ऊन धरलं आणि वायर, कंट्रोलर, उष्णता यांची पाव घट काढली, तर हाती ६७५. पावसाळ्यात तेही अर्ध्याहून कमी. बॅटऱ्यांत तीन हजार सहाशेची जागा होती, पण त्या कधी भरल्याच नव्हत्या. लेड-ॲसिड बॅटरी अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं. दोन वर्षांत दोन्ही गेल्या.

याच सुमारास एका बसची माहिती वाचनात आली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी २६ नोव्हेंबर २०२० ला भोपाळहून ऊर्जा स्वराज यात्रेला निघाले. २०३० पर्यंत घरी परतायचं नाही असा त्यांचा संकल्प. राहणं, शिजवणं, लिहिणं सगळं त्या बसमध्ये. तिच्यावर ३.२ किलोवॅटची पॅनेल आणि आत बॅटरी फक्त ६ युनिटांची. मी ते आकडे दोनदा वाचले. चांगल्या दिवशी अशा टपावरून नऊ-दहा युनिटं निघू शकतात, म्हणजे बॅटरीत मावतील त्याहून जास्त. वाया जाईल असं वाटतं खरं. पण आभाळ भरून आलेल्या दिवशीही तेच टप दोन-अडीच युनिटं देऊ शकतं. बॅटरी साठवते, कमावत नाही. माझ्या गाडीत मी नेमकं उलट केलं होतं. वापर टाळा, कमी करा, मग उरलेल्यापुरती वीज तयार करा, हा सोळंकींचा क्रमही मला पटला. गाडीत इंडक्शन शेगडी चालवण्याचा हट्ट मी तेव्हाच सोडला.

आपल्या जिल्ह्याशीही याचा धागा आहे, आणि तो सांगताना मला अभिमान वाटतो. आयआयटी मुंबईत सोळंकींच्या पुढाकारानं विद्यार्थ्यांच्या सौरदिव्यांचं काम उभं राहिलं. त्याच संस्थेकडून शिकून देवळी तालुक्यातल्या कवठा झोपडीच्या बायका दिवे जोडू लागल्या, आणि पुढं तेजस्विनी या नावानं पॅनेलही बनवू लागल्या. कापूस-तुरीच्या गावात बायका सोल्डरिंग करतात, ही माझ्या लेखी या सगळ्या काळातली सर्वांत मोठी गोष्ट.

२०२१ च्या अखेरीस मी गाडी पुन्हा मांडली. टपावर ३७५ वॅटची दोन पॅनेल, खाली २०० अँपिअर-अवरची एकच लिथियम फॉस्फेट बॅटरी. जुन्या दोन मिळून शंभर किलोंच्या वर होत्या, ही पंचवीसच्या आसपास. पॅनेल टपापासून चार बोटं वर उचलून बसवली, कारण त्यांचे वॅट २५ अंशांना मोजलेले असतात. आपल्या मे महिन्यात काच सत्तरीला जाते आणि सहावा हिस्सा तिथंच जातो. खालून वारा खेळला की ती घट कमी होते, आणि टपावर सावली पडल्यानं खोलीही निवते. उन्हाळ्यात साठ वॅटचा छोटा कूलर निभतो, कारण तो लागतो तेव्हा ऊनही भरपूर असतं. निंबाच्या सावलीचा पेच मात्र राहिला: माणसाला ती हवी, पॅनेलला नको, आणि एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी वीज बरीच घसरते. त्यासाठी शंभर वॅटचं घडीचं पॅनेल लांब वायर लावून उन्हात ठेवतो.

गाडी सजवायला निघालेल्यांना कळकळीनं सांगतो, दुकानात जाण्याआधी आठवडाभर वापर वहीत लिहा. हिशेब मे महिन्याचा नको, ऑगस्टचा करा. थोडे पैसे उरले, तर दुसऱ्या बॅटरीऐवजी आणखी एक पॅनेल घ्या.