कष्टकरी हातांची निगा आणि चौरस आहार

अवजारांची निगा कशी राखावी हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. पेरणी आटोपली की पाभर धुऊन पुसून ठेवली जाते, विळ्या-कोयत्यांना धार लावली जाते, गाडीच्या आखाला वंगण दिले जाते. परंतु ज्या हातांनी ही सर्व अवजारे चालतात, त्या हातांना भेगा पडल्या, नखांच्या कडा सुजल्या किंवा कातडी काळवंडून सोलू लागली, तर "कामाचे हात आहेत, असे व्हायचेच" असे म्हणून तिकडे दुर्लक्ष केले जाते. हे दुर्लक्ष महागात पडते. भेगाळलेल्या हाताने खुरपे नीट धरवत नाही. ऐन लावणीत नखुरडे झालेल्या बाईचे चार-सहा दिवसांचे रोज बुडतात. शिवाय काही वेळा हाताची कातडी म्हणजे शरीरात चाललेल्या उपासमारीने बाहेर लावलेली पाटी असते, आणि ती वाचता न आल्यामुळे मलमांवर पैसा जातो.

त्वचेचे रक्षण दोन बाजूंनी करावे लागते. बाहेरून तिची झीज होते आणि आतून, रक्तातून येणाऱ्या अन्नांशावर तिची भर होते. वरची कातडी साधारणपणे महिन्याभरात झडून तिच्या जागी खालून नवी येत असते. झीज वाढली किंवा भर थांबली, तर परिणाम दिसायला एकसारखाच दिसतो. उपाय मात्र निरनिराळे आहेत.

प्रथम बाहेरच्या बाजूचा विचार करू. अंगावरील बहुतेक ठिकाणच्या कातडीत तेल पाझरणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. तळहात व तळपाय यांच्या कातडीत या ग्रंथी नसतात. म्हणूनच साऱ्या अंगात तळवे आधी कोरडे पडतात व आधी फुटतात. जो थोडाफार स्निग्ध अंश वरच्या थरात असतो, तोही धुण्याच्या सोड्याने, कपड्यांच्या कडक साबणाने आणि चुलीच्या राखेने निघून जातो. त्वचेचा पृष्ठभाग स्वभावतः किंचित आम्लधर्मी असतो, तर हे तिन्ही पदार्थ अल्कधर्मी आहेत. सकाळी राखेने भांडी, दुपारी सोड्याने धुणे आणि मधल्या वेळी शेणाने सारवण, असा ज्या हातांचा दिवस जातो, ते हात हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात फुटले नाहीत तरच नवल. पंपाचे किंवा ट्रॅक्टरचे काम झाल्यावर ग्रीस काढण्यासाठी रॉकेल वा डिझेलने हात धुण्याची पुरुषांची सवयही तितकीच वाईट. डिझेल ग्रीसबरोबर कातडीचे स्वतःचे तेलही काढून नेते. त्याऐवजी थोडे खाद्यतेल चोळून ग्रीस सैल करावे व मग अंगाच्या साबणाने हात धुवावेत.

याचा अर्थ साबण वर्ज्य करावा असा मुळीच नव्हे. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे अत्यावश्यकच आहे. मात्र त्यासाठी अंगाचा साबण वापरावा, फेस पाण्याने पूर्ण काढून टाकावा आणि बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या कराव्यात. हात किंचित ओलसर असतानाच त्यांवर खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलिन चोळावे. पूर्ण सुकलेल्या हातापेक्षा ओलसर हातावर चोळलेले तेल अधिक उपयोगी पडते, कारण कातडीत मुरलेले पाणी त्यामुळे आत अडून राहते. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले तेल भेगांसाठी पूर्वापार वापरात आहे. थंड हवेत ते मेणासारखे घट्ट असते आणि हाताच्या उबेने मऊ होते. भेग खोल असेल तर रात्री निजण्यापूर्वी हात दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, टिपून घ्यावेत, तेल किंवा व्हॅसलिन जाड लावावे आणि वरून जुन्या धुतलेल्या धोतराची पट्टी सैल गुंडाळावी. आठ-दहा रात्रींत फरक दिसतो. खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि कदाचित म्हणूनच हा उपाय फारसे कोणी मनावर घेत नाही.

भेगेत बिब्बा घालण्याची चाल मात्र टाकून द्यावी. बिब्ब्याच्या तेलाने कातडी जळते. बिब्बा उतला की हातावर फोड येतात, पाणी सुटते, आणि भेग होती तिथे मोठी जखम होऊन बसते.

भातलावणीच्या दिवसांतील दुखणे कोरडेपणाच्या उलट असते. दिवसचे दिवस हात चिखलपाण्यात राहिल्याने कातडी पांढुरकी व भुसभुशीत होते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडतात आणि नखाच्या मुळाशी बुरशी व जंतू शिरून नखुरडे होते. रोपे धरणाऱ्या बोटांत हे विशेष आढळते. कामास जाताना हातापायांना तेल चोळल्यास पाणी मुरण्यास काहीसा आळा बसतो. परंतु खरा उपाय म्हणजे संध्याकाळी हात स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्णपणे कोरडे करणे व रात्रभर कोरडे ठेवणे. नखे आखूड ठेवावीत, पण नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू अगर सोलू नये. तीच त्या जागेची झाकणी आहे. नखुरडे पुन्हा पुन्हा होत असल्यास रक्तातील साखर तपासून घेणे इष्ट.

मिरचीची तोडणी करणाऱ्यांच्या हातांची आग पाण्याने शमत नाही, कारण मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. तेल चोळून मग साबणाने धुतल्यास ती पुष्कळशी कमी होते.

कीटकनाशकांच्या बाबतीत मात्र तेलावर भिस्त ठेवू नये. यांतील अनेक औषधे तेलात सहज विरघळतात. म्हणून फवारणीस निघताना हातांस तेल चोळणे हा बचाव नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध श्वासावाटे शरीरात जाते, तसेच ते कातडीवाटेही जाते. सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा नसून बादलीत औषध कालवण्याचा असतो, कारण त्या वेळी ते अत्यंत तीव्र असते. तेथे हात घालून ढवळण्याची चूक कोणीही करू नये; लांब काठी वापरावी. हातमोजे रबराचे, शक्यतो नायट्राइल रबराचे असावेत. कापडी किंवा चामडी मोजे औषध शोषून घेतात व ते तासन् तास हाताशी भिजत ठेवतात. असे मोजे घालण्यापेक्षा न घातलेले बरे. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवावेत, मग काढावेत, आणि पुन्हा हात धुवावेत. भेगाळलेल्या हाताने फवारणीचे काम पत्करूच नये, कारण फुटलेली कातडी म्हणजे उघडे दार.

शेतात आणखी एक शत्रू आहे तो गाजर गवत. हे तण मूळचे अमेरिका खंडातील. आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात ते शास्त्रज्ञांच्या नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे काही लोकांच्या कातडीस तीव्र खाज सुटते. पहिल्या वर्षी काही होत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो; परंतु संपर्क वाढत जातो तसतसे शरीर बिथरते, आणि नंतर वाऱ्यावर उडणारा वाळक्या गवताचा भुगाही पुरेसा होतो. मान, पापण्या, कोपराची खोबण आणि हात येथे कातडी जाड व काळपट होते. हे गवत फुलावर येण्यापूर्वी मोजे घालून मुळासकट उपटावे. ज्यास एकदा त्रास झाला आहे त्याने त्या कामास हातच लावू नये. घरातील दुसऱ्या कोणी ते करावे.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्याने एक गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी. मान आणि हात काळवंडून खरखरीत होणे हे लक्षण गाजर गवताचे असू शकते, तसेच ते उपासमारीचेही असू शकते. गवताच्या विकारात खाज अनावर असते. दुसऱ्या विकारात खाजेपेक्षा जळजळ अधिक असते. दोन्ही हातांच्या पाठी अगदी सारख्या काळवंडतात, मनगटाच्या वर जणू मोजा संपावा तशी स्पष्ट रेषा दिसते, आणि गळ्याभोवती काळी पट्टी उमटते. उन्हात उघडा राहणारा तेवढाच भाग बिघडतो. जोडीला जीभ लाल व सोललेली, वारंवार जुलाब, झोप उडालेली, पुढे पुढे विसर व भ्रम. या रोगास पेलाग्रा म्हणतात, आणि त्याचे कारण नियासिन या ब-वर्गीय जीवनसत्त्वाचा अभाव हे होय.

या रोगाचा उलगडा होण्यास फार काळ लागला. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत तो हजारोंनी होता व तो सांसर्गिक आहे अशी समजूत होती. १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांची त्याच्या तपासासाठी नेमणूक झाली. रुग्णांत वावरणाऱ्या परिचारकांना हा रोग होत नाही, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जंतूंचा रोग असता तर त्याने परिचारकांना सोडले नसते. अनाथाश्रमांतील मुलांच्या जेवणात दूध, मांस, अंडी व कडधान्ये यांची भर घालताच रोग हटला. तरीही अनेकांनी ते मानले नाही. नियासिन हेच ते औषधी द्रव्य, हे १९३७ मध्ये एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून सिद्ध झाले. विशेष म्हणजे मका हेच ज्यांचे मूळ अन्न, त्या मेक्सिकोतील लोकांत हा रोग क्वचितच आढळे. ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि त्यामुळे त्यातील बांधलेले नियासिन मोकळे होते.

आपल्याकडे हा प्रश्न मक्याचा नव्हता, ज्वारीचा होता. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळतो, याकडे हैदराबाद येथील पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लक्ष वेधले. ज्वारीत ल्यूसीन हे अमिनो आम्ल अधिक असल्याने असे होते, ही त्यांची उपपत्ती. तिच्याविषयी पुढे मतभेद झाले. परंतु आहारात विविधता आली की रोग जातो, याविषयी वाद नाही. यावरून ज्वारीस दोष देणे अन्यायाचे होईल. ज्वारी उत्तम धान्य आहे. दोष आहे तो भाकरीसोबत मिरचीच्या ठेच्यावाचून दुसरे काही नसण्याचा.

आज केवळ ज्वारीवर राहणारी घरे कमी झाली आहेत व हा रोग पूर्वीसारखा सर्रास दिसत नाही. तथापि तो नाहीसाही झालेला नाही. दारूच्या आहारी जाऊन जेवण सोडलेल्या माणसांत तो आढळतो. एकटी राहणारी, शिळ्या भाकरीवर दिवस काढणारी वृद्ध माणसे त्याच्या तडाख्यात सापडू शकतात. क्षयाच्या औषधांतील आयसोनियाझिडमुळेही क्वचित असे घडते. तेव्हा रुग्णाने ते औषध आपल्या मनाने न थांबवता डॉक्टरांस हात दाखवावेत. लक्षणे ओळखून वेळेवर नियासिन मिळाले तर जीभ व जुलाब थोड्या दिवसांत आणि कातडी काही आठवड्यांत सुधारते.

मग जेवणात काय असावे? सुदैवाने उत्तर घराच्या परड्यातच आहे. भुईमुगाच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १२ मिलिग्रॅम नियासिन असते. भाकरीबरोबर दाण्याची चटणी आणि पिठले किंवा उसळ असली की पेलाग्राची चिंता बव्हंशी मिटते. मुलांच्या कोपरांवर व गुडघ्यांवर बेडकाच्या कातडीसारखे खरखरीत काटे उभे राहतात, तेथे आहारातील तेल व ब-वर्गीय जीवनसत्त्वे कमी पडत असल्याचा संशय घ्यावा; जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी तेथे कामी येते. शेवग्याचा पाला, माठ, चाकवत यांतून अ-जीवनसत्त्वाचा पुरवठा होतो. जखम भरून येण्यास क-जीवनसत्त्व लागते. ते आवळ्यात विपुल, पेरूत व लिंबातही भरपूर असते. पातळ, चपटी, चमच्यासारखी खोलगट झालेली नखे बहुधा रक्तक्षयाची खूण असते. अशा बाईच्या रक्ताची तपासणी आरोग्य केंद्रात करून घ्यावी.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या घरात दाणे, डाळ, दूध सर्व काही आहे, त्या घरातही पंक्ती उठल्यावर शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात पुष्कळदा तळाचे कालवण व उरलेली भाकरीच पडते. सर्वांत अधिक पाण्यात, सोड्यात व चिखलात असतात ते हात तिचेच. घरभेटीत "काय शिजते" एवढे विचारून भागत नाही. शेवटी जेवते तिच्या वाट्याला काय उरते, हे कार्यकर्त्याने अंगणवाडी सेविका वा आशा स्वयंसेविका यांच्या मदतीने जाणून घ्यावे.

काही विकार मात्र तेलाने वा आहाराने जाणारे नाहीत. गोलाकार, कडेने पसरत जाणारे व खाजणारे चट्टे म्हणजे गजकर्ण. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमात बहुधा स्टेरॉइड असते; त्याने खाज आठवडाभर दबते आणि गजकर्ण आतून फैलावते. डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे व घरातील सर्वांची एकदम तपासणी करून घ्यावी. दुसरा प्रकार फिकट किंवा लालसर चट्ट्याचा. त्या जागी कापसाचा स्पर्श कळत नसेल, किंवा गरम तव्याचा चटका लागूनही हाताला समजत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असण्याचा संभव आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचा बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो व लवकर सुरू केल्यास बोटे वाकडी होत नाहीत. अशा व्यक्तीस त्याच आठवड्यात केंद्रात घेऊन जावे, आणि तोवर चुलीवरील भांडे जाड फडक्याने धरण्यास व रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही हात डोळ्यांनी तपासण्यास सांगावे.