पैसा कुणाच्या गल्ल्यात टाकायचा?

महिन्याचा बाजार करताना आपल्या आयाबहिणी भाव बघतात, वजन बघतात, उधारी मिळते का ते बघतात. दुकानात राबणाऱ्या माणसाला तो मालक कसा वागवतो, हे बघायची सवय आपल्याला नाही. अमेरिकेत मात्र काही लोकांनी ही सवय लावून घेतली. ते लोक म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी कामगार आणि त्यांचे सोबती.

जानेवारी 1991 मधली गोष्ट. क्रॅकर बॅरल ही तिकडची हॉटेलांची मोठी साखळी. ज्यांचे वर्तन ‘सर्वसामान्य’ कुटुंबमूल्यांत बसत नाही अशांना कामावर ठेवायचे नाही, असा फतवा कंपनीने काढला. जॉर्जिया राज्यातल्या एका स्वयंपाकीणबाईला काढताना तर कागदावर सरळ लिहून दिले, की ही बाई समलिंगी आहे. काम वाईट, हात चोरटा, असा एक शब्द नाही! जन्माने जे आहे त्यावरून भाकरी काढून घेण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

ओरड झाल्यावर काही आठवड्यांत फतवा मागे घेतला गेला, पण काढलेल्यांना परत घेतले नाही. मग निदर्शक हॉटेलात जाऊन टेबले अडवून बसू लागले. काहींनी कंपनीचा एकेक शेअर विकत घेतला, म्हणजे वार्षिक सभेत उभे राहून जाब विचारता येतो. न्यूयॉर्क शहराच्या कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंडही या कंपनीचा भागधारक होता. त्याने वर्षामागून वर्षे ठराव मांडला. कामगारांच्याच म्हातारपणाचा पैसा कामगारांच्या बाजूने बोलला, हे आम्हाला विशेष वाटते. अखेर 2002 मध्ये 58 टक्के मते ठरावाच्या बाजूने पडली आणि कंपनीने नियम बदलला. अकरा वर्षे लागली.

त्याआधी 1970 च्या दशकात कूर्स नावाच्या बिअर कंपनीवर असाच बहिष्कार झाला. (बिअर हा आपला विषय नव्हे, पंचशील घेतलेल्याने तो बहिष्कार आधीच घातलेला आहे!) नोकरी मागायला आलेल्याला खोटे पकडण्याच्या यंत्राला जोडून नको ते प्रश्न विचारीत. सॅनफ्रान्सिस्कोत ट्रक-चालकांच्या युनियनने समलिंगी वस्तीतले पुढारी हार्वे मिल्क यांची मदत मागितली. मिल्क म्हणाले, मदत करतो, पण आमच्या माणसांना ट्रकवर काम द्या. दोन दबलेले गट एकत्र आले ते असे, रोख व्यवहार करून.

2002 पासून ह्यूमन राइट्स कॅम्पेन ही संस्था कंपन्यांना शंभरपैकी गुण देऊ लागली. पहिल्या वर्षी 13 कंपन्यांनाच पूर्ण गुण मिळाले, पुढे ही संख्या शेकड्यांत गेली. गिऱ्हाइकासाठी हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांची यादीही निघाली. पण हे गुण मुख्यतः कंपनीने भरून दिलेल्या उत्तरांवर ठरतात. त्यातून रोजंदारी किती, युनियन करू देतात की नाही, हे कळत नाही. आम्ही अशा प्रगतिपुस्तकावर डोळे मिटून विसंबणार नाही. शिवाय वारे फिरले की कंपन्याही फिरतात. 2024 मध्ये उलट्या बाजूचा दबाव येताच फोर्ड, लोज, हार्ले-डेव्हिडसन यांनी या गुणपत्रिकेतून अंग काढून घेतले.

बहिष्कार हे दुधारी शस्त्र आहे. 1927 च्या महाडनंतर गावोगाव आपल्या माणसांवर जो बहिष्कार पडला, तो बलवानाने दुबळ्यावर घातलेला होता. दुकानदार मीठ देईना, शेतमालक काम देईना. असा बहिष्कार महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा ठरला. गिऱ्हाइकाने धनाढ्य कंपनीकडे पाठ फिरवणे याची त्याच्याशी बरोबरी होऊ शकत नाही.

‘पण हे लोक आपले कोण?’ असे कुणी विचारील. 1934 मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, त्यांनी मोकळी उत्तरे दिली होती. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, दंड झाला. पण वकीलपत्र कुणी घेतले हे आपल्या घरांत किती जणांना ठाऊक आहे?

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांना मान्यता दिली, 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, आणि 2019 च्या कायद्याने तृतीयपंथीयांशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली. त्याआधीच, 2017 मध्ये, कोची मेट्रोने 23 तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झाले. पण त्यांतल्या काहींनी आठवड्याभरातच काम सोडले. पगार वेळेवर मिळणार होता, साहेबही बरे होते. शहरात त्यांना भाड्याने खोली द्यायला कुणी तयार नव्हते.