जवारी लागेपर्यंत

सकाळी ८.४०
मिरजेची सतारमेकर गल्ली. तंबोरे घडवणाऱ्या चाचांनी शटर अर्धंच वर केलंय. आत वाकून शिरावं लागतं, कारण दाराशीच भोपळे टांगलेत. माळ्यावर भोपळे, जिन्याखाली भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, कडू जातीचे, खाण्याच्या उपयोगाचे नाहीत. वाळायलाच कित्येक महिने जातात. चाचा एकेकावर बोटाचं पेर आपटून ऐकतात. "हा अजून ओला बोलतोय," म्हणतात आणि परत माळ्यावर सारतात. वय बासष्ट. शाळा सुटली तेव्हापासून इथंच.

पुतण्या झाडू मारतो. एकोणीस वर्षांचा. रोज ५०० रुपये.

सकाळी ९.१५
हौदातून रात्रभर भिजलेला भोपळा निघतो. वर दगड ठेवला नाही तर तरंगत राहतो. घेर ५२ इंच, म्हणजे पुरुषी तंबोऱ्याचा. भिजल्यानं साल मऊ पडलंय, आता करवतीखाली तडकणार नाही. चाचा पेन्सिलनं तोंड आखतात आणि पुतण्या भोपळा मांडीत घट्ट धरतो. करवत हळू चालते. घाई केली आणि चीर गेली की १,५०० रुपयांचं भांडं कचऱ्यात.

टोपण निघतं. आत सुकलेला गर आणि बिया. वाकड्या पात्यानं खरवडायला सुरुवात झाली की खोलीत कडू धूळ भरते. माझ्या घशात ती दुपारपर्यंत राहिली. पुतण्यानं नाकावर रुमाल बांधलाय. चाचांनी नाही. त्यांचा खोकला आता ऋतू बघत नाही. मग ओल्या तोंडात कामट्या आडव्या ठोकायच्या, म्हणजे वाळताना ते आकसत नाही. हा भोपळा आता उन्हात जाईल. त्याचा तंबोरा व्हायला अजून तीन-चार आठवडे.

सकाळी ११.००
दुसरा तंबोरा, मधल्या टप्प्यावरचा. भोपळ्याला गळा बसलाय, पोकळ दांडी जोडलीय. आज तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणारी फळी. तुणीच्या लाकडाची ही फळी रंध्याखाली पातळ होत जाते. चाचा मधेच थांबतात, अंगठ्यानं दाबतात, टकटक करतात, पुन्हा दोन हात रंधा. मी विचारलं, किती जाडी ठेवायची? "माप नाही ओ त्याला. जाड राहिली तर आवाज आतच बसतो. पातळ झाली तर तारांच्या ताणानं खाली जाते." पूर्वी सरस शिजवायचे, आता फेव्हिकॉल. वरून सुतळीचे वेढे, इतके करकचून की पुतण्याच्या तळव्यावर वळ उठतात.

हे हात मुळात लोखंडाचे. हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारीचं काम आटलं तेव्हा, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगारांनी मिरजेत वाद्यं घडवायला घेतली. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याची कदर होती. पुढं गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले. १९३७ साली ते गेले, आणि दर्ग्यात त्यांच्या नावानं आजही दर वर्षी गाणं होतं. गल्लीचं आडनावच सतारमेकर झालं.

दुपारी १२.३०
एक कागद निघतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता मिरजेचं नाव लावून दुसरीकडचा माल विकता येत नाही, निदान कायद्यानं तरी. पण मानांकनाची खूण आपल्या वाद्यावर लावायची तर आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेलं असावं लागतं. त्याचा हा अर्ज. चेन्नईच्या कार्यालयात जातो. फी १० रुपये, पूर्वी ५०० होती.

फीचा प्रश्न नाहीच. अर्ज भरायला बसलं की पटाशी खाली ठेवावी लागते. चाचा चष्मा पुसतात, पुतण्या वाचून दाखवतो. उत्पादकाचं नाव. पत्ता. पुतण्या स्वतःचं नाव कुठं लिहायचं ते शोधतो. भोपळा खरवडणाऱ्याचं, सुतळी आवळणाऱ्याचं नाव विचारणारा रकाना त्या कागदावर नाही. तो काही बोलत नाही. पान उलटतो.

मला हे मानांकन हवं होतं. अजून हवंय. माझ्या गुरुजींकडचा तंबोरा याच गल्लीतला, त्याच्याबरोबर मी सूर लावायला शिकले. तरी तो रकाना शोधणारं बोट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुपारी १.३०
डबा. भाकरी, वांगं. चाचा सांगतात, मागं कॅमेरा घेऊन काही मंडळी आली होती. अमूर्त वारसा, असं म्हणत होती. युनेस्कोच्या २००३ च्या करारात हातांची कारागिरीही त्या वारशात धरलीय, भारत त्यात २००५ साली सामील झाला. मंडळी भली होती. चहा घेतला, पाया पडली. पण उजेड बरोबर नाही म्हणून तोच रंधा पुन्हा पुन्हा चालवायला लावला. दिवसभरात एक तबली झाली नाही. पुतण्याचा रोज चाचांनी खिशातून दिला.

दुपारी २.४५
पॉलिश. लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये विरघळलेले. कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून हात गोल फिरवायचा. एक हात, वाळू द्यायचा, दुसरा हात. पावसाळ्यात पांढरे डाग धरतात म्हणून तेव्हा हे काम जवळजवळ बंदच.

दुपारी ४.१०
गिऱ्हाईक. हुबळीहून आलेल्या बाई, मुलगी गाणं शिकते. घरात रोज मोबाइलमधला तंबोरा चालतो, पण गाण्याच्या बाईंनी सांगितलंय की खरा घ्या. किंमत २६,००० ऐकून त्या बोटं मोडतात. "मानांकनाची खूण आहे ना?" चाचा म्हणतात, "अर्ज चाललाय ताई. तोवर वाजवून बघा." मुलगी बसते, तारा छेडते. आईला कळत नाही, मुलीला कळतं. ती आईकडं बघते. १०,००० आगाऊ, बाकी नेताना.

संध्याकाळी ५.००
जवारी. यासाठीच मी सकाळपासून थांबलेय.

तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो. तो सपाट नसतो. त्याला केसाएवढा उतार असतो आणि तार त्या उतारावर घासत कंप पावते. त्यातून सूर नुसता वाजत नाही, उमलतो. उतार चुकला तर तार नुसती टणकते, नाहीतर कुरकुरते.

चाचा पंखा बंद करतात. पुतण्याला सांगतात, "शटर खाली घे." चार तारा लावतात: पंचम, दोन जोड, खर्ज. छेडतात. मान हलवतात. तार सैल, बाजूला. कानस दोन वेळा, फुंकर. तार परत चढवायची, परत सुरात आणायची, परत छेडायची. कधी कानस, कधी नुसता पॉलिश पेपर. दीड तासात त्यांनी पंचमाची तार किती वेळा उतरवली ते मोजताना मी चुकले. मग तारेखाली सुती दोरा सरकवतात. एका जागी अचानक आवाज उघडतो. सगळी खोली भरून जाते.

"इथं," चाचा म्हणतात. पुतण्याचं बोट धरून घोडीवर ठेवतात. "कळतंय?"

पुतण्या डोळे मिटून बराच वेळ बोट हलवत राहतो. "थोडं."

चाचांना हे कळायला दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांत त्यांच्या वडिलांनी त्यांना जेवायला घातलं, रोज दिला नाही. आज तसं कुणाला सांगता येत नाही, आणि सांगूही नये. पण मग त्या दहा वर्षांचा पगार कोण देणार?

संध्याकाळी ७.५०
खर्जाची तार तेवढी उद्यावर ठेवलीय. कान थकला की हात लावायचा नाही, असा चाचांचा नियम. भुसा गोळा होतो. पुतण्या उद्यासाठी भोपळा हौदात ढकलतो, वर दगड ठेवतो. चाचा ५०० ची नोट देतात. तो ती घडी करून खिशात घालतो आणि जरा वेळ तिथंच उभा राहतो.

"चाचा, उद्या सकाळी येणार नाही. कुपवाडला मुलाखत आहे. एमआयडीसीत."

चाचा कानस कापडात गुंडाळत असतात. गुंडाळून होते. खणात ठेवतात.

"किती वाजता?"

"दहाला."

"मग दुपारनं ये. खर्ज राहिलाय."

पुतण्या शटर ओढतो. मी वाकून बाहेर पडते.