डोंगरगावचे पाहुणे

पाहुणा आला की घरात लगबग होते. चुलीवर एक भांडे जास्त चढते. पाण्याची एक खेप जास्त होते. आपण ते आनंदाने करतो. पाहुणा चार दिवसांनी जातो, आणि कधी आपणही त्याच्या घरी जातो.

पण समजा, पाहुणे रोजच येऊ लागले. एक गेला की दुसरा हजर. आणि प्रत्येक जण पैसे मोजून राहू लागला. मग त्या घराचे काय होईल? पैसा येईल, हे खरे. पण पाणी कुणी भरायचे? सरपण कुठून आणायचे? खरकटे कुठे टाकायचे? आणि आलेला पैसा राहील कुणाच्या हाती?

लोक परमुलुख पाहायला जातात, डोंगर-समुद्र पाहायला जातात, त्याला पर्यटन म्हणतात. गरीब देशांना पर्यटनाचा मोठा आधार वाटतो. कारखाना काढायचा तर भांडवल लागते. डोंगर तर आयताच उभा आहे! लोक येतील, पाहतील, पैसे देतील. पण हे इतके सोपे आहे का? शेजारच्या नेपाळमधल्या एका मुलुखाचे उदाहरण घेऊन आपण ते पाहू.

पूर्वीचा खुंबू

एव्हरेस्ट हे जगातले सर्वांत उंच शिखर. नेपाळी लोक त्याला सगरमाथा म्हणतात. त्याच्या पायथ्याच्या मुलुखाचे नाव खुंबू. तिथे शेर्पा लोक राहतात. नामचे हे तिथले बाजाराचे गाव. ते सुमारे ३,४४० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या, तरी नामचे त्याहून वरच राहील!

एवढ्या उंचीवर भात पिकत नाही. शेर्पा लोक बटाटे लावत, जव पेरत. याक नावाची केसाळ जनावरे पाळत. शिवाय व्यापार करत. बर्फाची खिंड ओलांडून तिबेटात जायचे, धान्य द्यायचे आणि मीठ, लोकर आणायची. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते.

१९५० च्या आधी नेपाळात परदेशी माणसाला सहसा शिरू देत नसत. मग दार उघडले. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी हे दोघे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. खुंबूचे नाव जगभर झाले.

पुढे १९५९ नंतर तिबेटच्या सीमेवर कडक बंधने आली. मिठाचा व्यापार बसला. शेर्पांची जुनी रोजी गेली आणि नेमका त्याच सुमारास पाहुण्यांचा रस्ता सुरू झाला. १९६४ मध्ये लुकला गावी विमानाची छोटी धावपट्टी झाली. आठ-दहा दिवसांची पायपीट वाचली. सुरुवातीला वर्षाकाठी मोजके पाहुणे येत. आता वर्षाला पन्नास हजारांच्या वर पाहुणे खुंबूत येतात.

एका चहाचा हिशोब

आता पैशाचे पाहू. पाहुणा शेर्पाच्या खाणावळीत बसतो आणि एक कप चहा मागतो. चहा महागच असतो. पाहुणा पैसे देतो. ते सगळे गावाचे झाले का? नाही. साखर खालून आली. दुधाची भुकटी खालून आली. चहाची पत्ती, कप, गॅसची टाकी, सगळे खालूनच आले. नामचेपर्यंत आजही मोटार जात नाही. माल माणसाच्या पाठीवर, नाही तर खेचरावर आणि याकावर चढतो. म्हणून चहाचे बरेचसे पैसे आल्या पावली खाली निघून जातात.

पण त्याच पाहुण्याने उकडलेले बटाटे मागितले तर? बटाटा गावच्या शेतातला. काढला गावच्या बाईने. उकडला गावच्या घरात. तो पैसा गावातच फिरतो.

ही गोष्ट साधी आहे, पण फार महत्त्वाची आहे. किती पाहुणे आले, एवढेच मोजून भागत नाही. त्यांचा किती पैसा गावात राहिला, हे मोजावे लागते. पाहुण्याचे विमानभाडे विमान कंपनी घेते. सहलीची कंपनी आपला वाटा घेते. एव्हरेस्ट चढायचा तर परदेशी माणसाला सरकारी परवाना लागतो. वसंतातल्या मोसमात त्याची किंमत माणशी ११,००० डॉलर होती. सप्टेंबर २०२५ पासून ती १५,००० डॉलर झाली. हा पैसा सरकारी तिजोरीत जातो.

गावात राहिलेला पैसाही सगळ्यांना सारखा मिळत नाही. ज्याची जागा वाटेवर, त्याची खाणावळ चालते. ज्याचे घर आडबाजूला, तो पाहातच राहतो. ओझी वाहणाऱ्याला तिकडे भरिया म्हणतात. भरिया बहुतेक खालच्या डोंगरातले गरीब राई, तामांग लोक असतात. पाठीवर मोठे ओझे, पायी खडी चढण. पाहुण्याच्या अंगात लोकरी कोट असतो, पण ओझेवाल्याच्या अंगात तो असतोच असे नाही.

शाळा आली, जोखीमही आली

पाहुण्यांच्या येण्याने चांगलेही पुष्कळ झाले. ते नाकारून चालणार नाही. १९६१ मध्ये खुमजुंग गावात शाळा निघाली. १९६६ मध्ये खुंदे गावात दवाखाना झाला. हिलरीसाहेबांनी त्यासाठी पैसा उभा केला आणि शेर्पांनी अंगमेहनत केली. मुले शिकली. कुणी वैमानिक झाला, कुणी डॉक्टर. अनेक घरांत बायका खाणावळ चालवतात आणि हिशोब स्वतः ठेवतात.

पण शिकलेली मुले काठमांडूला गेली, परदेशी गेली. काही शेतांत आता बटाटा लावायलाही माणूस मिळत नाही.

शिवाय डोंगरावरचे काम जिवावरचे असते. पाहुण्यांसाठी दोर बांधायचे, शिड्या लावायच्या, सामान वर न्यायचे, हे काम शेर्पाच करतो. १८ एप्रिल २०१४ रोजी बर्फाचा कडा कोसळला. त्यात १६ नेपाळी कामगार गेले. त्यांत बहुतेक शेर्पा होते. सरकारने सुरुवातीला प्रत्येक घराला ४० हजार नेपाळी रुपये देऊ केले. म्हणजे आपले २५ हजार. कमावत्या माणसाची ही किंमत? शेर्पा चिडले. त्यांनी कामच बंद ठेवले. त्या मोसमात नेपाळच्या बाजूने चढाई जवळजवळ झालीच नाही. मग विम्याची रक्कम वाढवावी लागली.

सरपण आणि कचरा

उंचावर झाड सावकाश वाढते. बोटाएवढे खोड व्हायला कित्येक वर्षे लागतात. पाहुण्यांची संख्या वाढली तशी चूलही दिवसभर पेटू लागली. जेवण हवे, शेक हवा, आंघोळीला ऊन पाणी हवे. ते सगळे लाकडावर. जंगल विरळ होऊ लागले. १९७६ मध्ये सरकारने तिथे सगरमाथा राष्ट्रीय उद्यान केले आणि लाकूडतोडीवर बंधने घातली.

कचऱ्याचेही तसेच. पूर्वी गावात कचरा असा नव्हताच. उरलेसुरले जनावर खाई, राख शेतात जाई. पाहुण्यांबरोबर डबे आले, बाटल्या आल्या, प्लास्टिक आले. थंडीत ते कुजत नाही. डोंगरावर टाकलेला डबा वर्षानुवर्षे तसाच राहतो.

एकाच खुंटीवर सगळे ओझे

आणखी एक धोका आहे. २०१९ साली नेपाळात सुमारे १२ लाख परदेशी पाहुणे आले. २०२० साली करोनाची साथ आली. त्या वर्षी सव्वादोन लाखांच्या आसपास आले. पाच माणसांतला एकच आला म्हणा ना! खाणावळींना कुलपे लागली. ओझेवाल्यांची मजुरी बुडाली. ज्याने शेत राखले होते, त्याच्या घरी निदान बटाटे तरी होते. ज्याने कर्ज काढून नुसती खाणावळ बांधली, त्याने काय खावे?

गावांनी काय केले?

मग पाहुण्यांना येऊच देऊ नये का? तसे नाही. नेपाळातल्या लोकांनी वेगळी वाट काढली.

शेर्पांची एक जुनी रीत होती. गाव आपल्यातलेच जंगलराखे नेमी. त्यांना शिंगी नावा म्हणत. कुणी किती लाकूड न्यायचे ते ते ठरवत. जास्त नेले तर दंड करत. सरकारी कायदे आले तेव्हा ही रीत मागे पडली. पण नुसत्या शिपायांच्या पहाऱ्याने जंगल राखले जाईना. मग गावकऱ्यांना पुन्हा हाताशी धरावे लागले.

कचऱ्यासाठी १९९१ मध्ये स्थानिक लोकांची समिती झाली. तिने कचरा गोळा करायला सुरुवात केली. काचेच्या बाटल्यांना पुढे खुंबूत बंदी झाली. २०१४ पासून नियम असा झाला की, एव्हरेस्ट चढणाऱ्याने माणशी आठ किलो कचरा खाली आणावा. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवरही २०२० पासून बंदी आली.

पैशाचाही नियम झाला. १९९३ मध्ये नेपाळच्या कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के भाग आसपासच्या गावांच्या कामाला देता येईल, असे ठरले.

नेपाळातच, खुंबूच्या पश्चिमेला, अन्नपूर्णा नावाचा दुसरा डोंगर आहे. तिथे १९८६ मध्ये घांद्रुक गावापासून एक काम सुरू झाले. पाहुण्याने मुलुखात शिरतानाच फी भरायची. ती फी तिथल्याच जंगलासाठी, पायवाटांसाठी, गावकामासाठी खर्चायची. खाणावळवाल्यांनी एकत्र बसून दर ठरवले. त्यामुळे एकमेकांचे गिऱ्हाईक पळवायला भाव पाडणे कमी झाले. वरच्या भागात लाकडाऐवजी रॉकेल वापरायचे ठरले. सगळे काही गोड झाले असे आम्ही म्हणत नाही. पण तिथे नियम करताना गावकरी बैठकीला होते. म्हणूनच पुष्कळसे नियम पाळले गेले.

आपल्यापुरते

खुंबू दूर आहे. पण आपल्याकडेही किल्ल्याच्या पायथ्याशी, कोकणच्या किनाऱ्यावर, धबधब्याच्या वाटेवर पाहुणे येऊ लागले आहेत. तुमच्या गावी कुणी म्हणाले, “पर्यटन आणू या, गावाचे भले होईल,” तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. आम्हांला वाटते, आधी ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत.

पाहुण्याच्या रुपयातले किती पैसे गावात राहतील? ज्यांची जमीन वाटेवर नाही, त्यांना काय मिळेल? पाणी, सरपण आणि कचरा यांचा भार कोण उचलणार? आणि एखाद्या वर्षी पाहुणे आलेच नाहीत, तर आपण काय खाणार?

उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. फी जमली तर तिचा हिशोब चावडीवर लावायला सांगावा. आणि तुम्हांला आता वाचता येते, तर तो हिशोब दुसऱ्याकडून ऐकू नका. स्वतः उभे राहून वाचा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.